रूळ आपण टाकले, पहाराही आपल्यावरच?
सुरक्षेचे कायदे, जनतेच्या हरकती आणि पूर्णा जंक्शनवरून दिसणारा इतिहास



२०२५ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयकावर जनतेच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. शेवटची तारीख होती १ एप्रिल. त्या दिवसांत आपल्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न ऐकू येत होता, "अर्ज लिहून काय होणार? त्यांनी ठरवलंय तेच करणार." प्रश्न विचारणाऱ्यांची चूक नाही. ज्यांनी आयुष्यभर तहसीलच्या खिडकीपुढे रांगा लावल्या, त्यांना कागदावर विश्वास कसा राहील?

पण हा प्रश्न इतिहासालाही विचारला पाहिजे. सरकार "लोकांचे म्हणणे मांडा" म्हणते तेव्हा आंबेडकरी चळवळीने काय करायचे, याचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यात स्पष्ट लिहिलेले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. हरकत नोंदवणे ही आपल्या चळवळीची सर्वात जुनी लढाऊ रीत आहे. ती सोडली तर नुकसान आपलेच आहे. आणि सरकारने ती रीत केवळ देखाव्यापुरती ठेवली, तर "आंदोलन करू नका, सनदशीर मार्गाने या" असे आपल्याला सांगण्याचा नैतिक अधिकार सरकारला उरत नाही.

हे समजून घ्यायला पूर्णा जंक्शनसारखी दुसरी जागा नाही.

पूर्णा जंक्शन : गाव रेल्वेचे, घाम कोणाचा?

पूर्णा नदीकाठचे आपले गाव मोठे झाले ते रेल्वेमुळे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. सिकंदराबादहून नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत ही मीटरगेज लाइन मनमाडला पोहोचली. १९१२ मध्ये पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. पुढे तोच मार्ग अकोल्यापर्यंत गेला. मीटरगेजच्या काळात इथे लोको शेड होते, कर्मचाऱ्यांच्या वसाहती होत्या, पाळीवर जाणाऱ्यांची वर्दळ होती. निजाम सरकारने १९३० मध्ये ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत.

इतिहासाच्या पुस्तकात निजामाचे नाव येते, कंपनीचे नाव येते. मातीचे भराव कोणी टाकले, दगड कोणी फोडले, याची नोंद सहसा येत नाही. भारतभर रेल्वेच्या मातीकामात आणि दगडकामात वडार समाज होता. गावगाड्यातून बाहेर पडायला वाट शोधणारे महार आणि इतर अस्पृश्य समाजाचे लोक रेल्वेत मजूर म्हणून, गँगमन म्हणून शिरले. गावात पाटलाची वेठबिगार, इथे निदान महिन्याचा पगार. त्या पगारातून मुलांच्या शाळेची फी निघाली, वह्या निघाल्या. मराठवाड्यातल्या कितीतरी रेल्वे वसाहतींमध्ये आंबेडकरी विचार पगाराच्या दिवशी गोळा झालेल्या वर्गणीवर उभा राहिला.

पण रेल्वेनेही जात सोडली नव्हती. याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच सांगितले. आपण हे वाक्य भाषणांत नेहमी वापरतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतला अगदी साधा तपशील मांडला होता, तो आपण विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागला की गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि सवर्ण स्टेशनमास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्येही वरच्या कुशल जागांवर त्याला पोहोचू दिले जात नाही.

म्हणजे रूळ सांभाळायला आपला माणूस चालत होता. रुळांवरून धावणाऱ्या व्यवस्थेत बढती घ्यायला तो चालत नव्हता.

सुरक्षेचा कायदा कोणाला संशयित ठरवतो?

आता कायद्याकडे वळू. ज्याला आज "महत्त्वाच्या पायाभूत सुविधा" म्हणतात, म्हणजे रेल्वे, वीज, पाणी, दूरसंचार, त्यांच्या रक्षणाचे कायदे इंग्रजांच्या काळापासून आहेत. १८९० च्या रेल्वे कायद्यात गाडी पाडण्याच्या हेतूने केलेल्या कृत्यांना कडक शिक्षा होती. ती असायलाच हवी. रुळावरची फिशप्लेट कोणी काढली तर सर्वात आधी जीव जातो तो गँगमनचा, ड्रायव्हरचा आणि जनरल डब्यातल्या प्रवाशाचा. या बाबतीत आपले कोणाशीही भांडण नाही.

भांडण आहे ते दुसऱ्या प्रकारच्या कायद्याशी. एक कायदा विचारतो, "तू काय केलेस?" दुसरा कायदा विचारतो, "तू कोण आहेस, कोणाबरोबर बसतोस?" १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा या दुसऱ्या प्रकारचा होता. त्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, वसाहती, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्या देशाचे भराव, बांध आणि रस्ते घडवण्यात या समाजाच्या पिढ्या गेल्या, त्या देशात त्याची नोंद "विमुक्त" म्हणून करावी लागते. कोणापासून मुक्त? कायद्याने मारलेल्या शिक्क्यापासून.

आपल्या भागात निजामी राजवटीतही हाच दुसरा प्रकार होता. १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ ने सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. सभेत काय बोलले हा नंतरचा प्रश्न, सभा घेणे हाच आधी संशय. अशा राजवटीत ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलितांची परिषद भरली, याचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

स्वातंत्र्यानंतर संसदेने दोन कायदे केले ते आपल्याला माहीत हवेत. पहिला, १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा. सार्वजनिक वाहतूक, वीज, पाणी, दूरसंचार यांचे नुकसान केले तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. दुसरा, १९८९ चा रेल्वे कायदा. त्याच्या कलम १७४ मध्ये रुळावर बसून किंवा रेल रोको करून गाडी अडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

त्याच १९८९ साली संसदेने आणखी एक कायदा केला, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. रुळाच्या रक्षणाचा कायदा आणि माणसाच्या रक्षणाचा कायदा एकाच वर्षाचे. पण मराठवाड्याला विचारा, माणसाच्या रक्षणाचा कायदा यायला किती उशीर झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना जिवंत जाळले गेले. पूल, तार, रूळ, बस यांच्यासाठी कायद्यात शब्द होते. जळालेल्या वस्तीसाठी वेगळा शब्द अकरा वर्षांनी आला. नामविस्तार व्हायला तर १४ जानेवारी १९९४ उजाडला.

म्हणून "सुरक्षा" हा शब्द ऐकला की आंबेडकरी तरुणाने लगेच विचारावे, कशाची सुरक्षा, कोणापासून, आणि यादी कोण करणार?

बाबासाहेब आणि साक्षीचा बाक

आता मूळ प्रश्न. सरकारने मत मागवले तर द्यायचे का?

२७ जानेवारी १९१९. साउथबरो समिती मताधिकाराबद्दल साक्षी घेत होती. सिडनहॅम कॉलेजातला सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक समितीपुढे उभा राहिला आणि अस्पृश्यांना मताधिकार व लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व द्या, असे लेखी आणि तोंडी सांगितले. तेव्हा त्याच्यामागे ना पक्ष होता, ना वृत्तपत्र. मूकनायक निघायला अजून एक वर्ष होते. आपल्या चळवळीच्या नेत्याचे पहिले मोठे राजकीय काम म्हणजे एका समितीला दिलेले निवेदन!

१९२५ मध्ये चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९२८ मध्ये सायमन आयोग आला. काँग्रेसने बहिष्कार टाकला, "परत जा" च्या घोषणा झाल्या. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात साक्ष दिली. त्यांच्यावर टीका झाली. पण त्यांचा हिशेब साधा होता. ज्याचे सभागृहात दहा आमदार आहेत तो बहिष्कार घालू शकतो, कारण त्याचे म्हणणे दुसऱ्या दाराने आत जाते. ज्याचा आवाजच कुठे नोंदलेला नाही, त्याने नोंदीची एकही संधी सोडू नये.

त्यातून लगेच काय मिळाले? १९१९ च्या सुधारणांत नामनिर्देशनाचे तुकडे मिळाले. त्या दिवशी कोणी म्हणू शकले असते, "बघा, अर्ज लिहून काय झालं?" पण १९१९ ची मागणी १९२८ मध्ये पुन्हा आली, गोलमेज परिषदेत आली, १९३२ च्या पुणे करारात तिला प्रांतिक कायदेमंडळांतल्या १४८ राखीव जागा मिळाल्या. प्रत्येक टप्प्यावर मागचा कागद पुरावा म्हणून उभा होता. "तुम्हाला आम्ही आधीच सांगितले होते" हे वाक्य ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच बोलता येते.

याचा अर्थ बाबासाहेब फक्त अर्जावर थांबले असा नाही. १९३८ चे वर्ष पाहा. मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपापूर्वी सक्तीची तडजोड, आणि ठरवलेल्या रीतीबाहेरचा संप हा गुन्हा. युक्तिवाद तोच, उत्पादन थांबले तर जनतेचे नुकसान होते. सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी विधानसभेत विधेयकाच्या कलमांची चिरफाड केली. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, ही त्यांची मांडणी होती. सभागृहाने बहुमताच्या जोरावर विधेयक रेटले तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी कामगार संघटनांनी मिळून एक दिवसाचा संप केला. क्रम लक्षात घ्या. आधी विधेयक वाचले, मग कलमवार विरोध केला, मग रस्त्यावर उतरले.

आणि सत्तेत गेल्यावर? जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध सुरू होते, "अत्यावश्यक सेवा" या शब्दाला तेव्हा आजच्यापेक्षा जास्त वजन होते. वीज, पाणी, नदीखोरे ही कामे त्यांच्याच खात्याकडे होती. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्याच काळातली. म्हणजे पायाभूत सुविधांचे मोल बाबासाहेबांना कोणी शिकवण्याची गरज नाही. तरीही ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी दिल्लीत त्रिपक्षीय कामगार परिषद भरवली. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर. कामगारांवर लागू होणाऱ्या नियमांची चर्चा कामगारांच्या प्रतिनिधीसमोरच होणार, ही ती पद्धत. युद्धकाळात हे जमले. मग शांततेच्या काळात का जमू नये?

"अराजकाचे व्याकरण" : अर्धे वाक्य वापरणाऱ्यांना उत्तर

आपण आंदोलन केले की आपल्याच नेत्याचे भाषण आपल्या तोंडावर फेकले जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की आता सत्याग्रह, कायदेभंग, असहकार हे मार्ग सोडले पाहिजेत, ते अराजकाचे व्याकरण आहे. हे खरे आहे, आणि आपण ते लपवू नये.

पण त्या विधानाला एक अट जोडलेली होती. सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा असनदशीर मार्गांना काही समर्थन होते, आणि सनदशीर मार्ग खुले आहेत तिथे ते समर्थन उरत नाही, असा तो पूर्ण विचार आहे. म्हणजे जबाबदारी दोन्ही बाजूंची. नागरिकाने सनदशीर मार्ग वापरायचा. राज्याने तो मार्ग खरोखर खुला ठेवायचा. दार भिंतीवर रंगवलेले असेल आणि उघडत नसेल, तर त्या दाराकडे बोट दाखवून कोणाला गप्प करता येत नाही.

हरकती-सूचना हे त्या दाराचे नाव आहे. म्हणून ते खरे आहे की रंगवलेले, हे तपासणे आपले काम आहे.

परभणी, नागपूर, मुंबई : सात महिन्यांचा हिशेब

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक संतापले, रुळांवरही उतरले. ११ तारखेला बंद पुकारला गेला, दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांमध्ये धरपकड केली. अटक झालेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

आता तारखा शेजारी ठेवा. १५ डिसेंबरला परभणीत सोमनाथ गेला. १८ डिसेंबरला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विशेष जनसुरक्षा विधेयक पुन्हा मांडले गेले. जुलै २०२४ मध्ये ते आधी एकदा येऊन बारगळले होते, त्यामुळे ते परभणीसाठी आणले असे मी म्हणणार नाही. पण पूर्ण्यातला माणूस या दोन तारखा एकत्रच वाचणार.

विधेयकात काय होते? "बेकायदेशीर कृत्य" या शब्दांची व्याख्या. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका, कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन. आणि हिंसा, तोडफोड यांच्या शेजारी, रेल्वे, रस्ते, हवाई किंवा जलमार्गाने होणारे दळणवळण विस्कळीत करणे. सरकार एखाद्या संघटनेला अधिसूचनेने बेकायदेशीर ठरवू शकते, मग तिचे सदस्य असणे, तिला वर्गणी देणे हेही गुन्हे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हे अजामीनपात्र.

रेल रोकोसाठी १९८९ च्या कायद्यात दोन वर्षांची तरतूद होतीच. तोडफोडीसाठी १९८४ चा कायदा होताच. मग नवे काय आले? जुने कायदे व्यक्तीचे कृत्य कोर्टात सिद्ध करायला लावतात. नवा कायदा आधी संघटनेवर शिक्का मारायला वाव देतो. वर सांगितलेला तोच दुसरा प्रकार, "तू कोणाबरोबर बसतोस?"

विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले. बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. आपल्यापैकी अनेकांनी पाठवल्या होत्या. ९ जुलै २०२५ रोजी समितीचा अहवाल आला, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने विधेयक मंजूर केले. अहवाल आणि मंजुरी यांत एक दिवस!

प्रामाणिकपणे हिशेब मांडू. काही बदल झाले. आधी उद्देशात व्यक्ती आणि संघटना असा मोघम शब्दप्रयोग होता, तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटनांपुरता केला गेला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सल्लागार मंडळाची रचना बदलली, पण त्यात सरकारी वकीलही आला. म्हणजे ज्याची बाजू तपासायची, त्याचाच माणूस तपासणाऱ्यांत. आणि मूळ व्याख्या? ती तशीच मोघम राहिली. "तशा संघटना" म्हणजे कोणत्या? वाचनालय चालवणारे मंडळ? धम्म परिषदेसाठी वर्गणी गोळा करणारे तरुण? कायदा बोलत नाही. बोलणार ते सरकार.

तर अर्ज लिहून काय झाले? थोडे झाले, पुरेसे झाले नाही. जे झाले ते लोकांनी लिहिले म्हणून झाले.

यापुढचे मसुदे येतच आहेत

हे एकाच विधेयकापुरते नाही. २०२४ च्या सुरुवातीला विधी आयोगाने २८४ वा अहवाल दिला, १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता कायद्यावर. त्यात शिफारस आहे की नुकसान केल्याचा आरोप असलेल्याला जामीन हवा असेल तर नुकसानीच्या अंदाजाइतकी रक्कम आधी भरायला लावावी. नीट वाचा, आरोप असलेल्याला, दोषी ठरलेल्याला नव्हे. कारखानदाराचा मुलगा रक्कम भरून संध्याकाळी घरी येईल. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा मुलगा आत राहील. अशा नियमाला कलमात कुठेही जातीचे नाव लिहावे लागत नाही.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली महत्त्वाच्या दूरसंचार यंत्रणांचे नियम २०२४ मध्ये आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० खाली सरकार एखादी संगणक यंत्रणा "संरक्षित" घोषित करू शकते आणि तिच्यात अनधिकृत प्रवेशाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वीज, बँक, रेल्वे आरक्षण, रेशनची यंत्रणा, सगळे आता संगणकावर आहे. त्यामुळे उद्याचा "पायाभूत सुविधा सुरक्षा" कायदा तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंत येणार आहे. या क्षेत्रात शिकणारी आपली पोरे कमी नाहीत. त्यांनी हे मसुदे वाचले नाहीत तर वाचणार कोण?

केंद्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी कायदापूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरवले. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा, आलेल्या मतांचा सारांश संकेतस्थळावर टाकायचा. धोरण चांगले आहे. पण ते कायदा नाही, ते मोडले म्हणून कोर्टात कोणाला उभे करता येत नाही. आणि केंद्राचे राजपत्र निघते हिंदी-इंग्रजीत. पूर्ण्यातल्या ट्रॅकमनला, परभणीतल्या रिक्षावाल्याला ते मराठीत कोण देणार?

आपण काय मागायचे, आपण काय करायचे

मागण्या चार आहेत.

एक, सुरक्षेशी संबंधित प्रत्येक मसुदा मराठीत, सोप्या सारांशासह, किमान ३० दिवस खुला ठेवावा.
दोन, सुनावणी मुंबई-दिल्लीपुरती न ठेवता जिल्ह्याच्या आणि रेल्वे जंक्शनच्या गावी घ्यावी. जिथे रूळ आहेत, तिथल्या लोकांना विचारावे.
तीन, प्रत्येक हरकत मान्य का केली किंवा फेटाळली का, याची कारणे सभागृहातल्या चर्चेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रसिद्ध करावीत.
चार, "पायाभूत सुविधेला धोका" या व्याख्येतून शांततामय सभा, मोर्चा, धरणे आणि संप स्पष्ट शब्दांत वगळावेत. संविधानाच्या कलम १९ ने दिलेले कायद्याने मोघम शब्दांत काढून घेऊ नये.

आणि आपले काम? ते याहून अवघड आहे. "हा कायदा काळा आहे, रद्द करा" एवढ्या एका ओळीचे हजार अर्ज एकाच गठ्ठ्यात बांधले जातात. बाबासाहेबांची निवेदने तशी नव्हती. कलमाचा क्रमांक लिहा. कोणता शब्द घातक आहे ते लिहा. त्याच्या जागी कोणता शब्द हवा ते लिहा. आपल्या गावातल्या जगण्यातले उदाहरण द्या. पोच घ्या, प्रत ठेवा. निर्णयानंतर माहितीच्या अधिकारात विचारा, माझ्या हरकतीचे काय केले? प्रत्येक बुद्ध विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत महिन्यातून एक संध्याकाळ मसुदा वाचनासाठी ठेवा. कायद्याचे विद्यार्थी, निवृत्त रेल्वे कर्मचारी, शिक्षक आणि आशाताई एकत्र बसले तर दोन तासांत एक चांगली हरकत तयार होते.

सोमनाथ कायदा शिकत होता. त्याला जे कलम वाचायचे होते ते आता आपल्याला वाचायचे आहे.

पूर्ण्याच्या रुळांवर रोज गाड्या धावतात आणि त्या सुरक्षित धावल्या पाहिजेत, कारण त्यात आपलीच माणसे बसलेली असतात आणि ते रूळ आपल्याच माणसांनी सांभाळले आहेत. म्हणून त्या रुळांच्या सुरक्षेचा कायदा लिहिताना आपल्याला संशयितांच्या यादीत न टाकता साक्षीदाराच्या बाकावर बसवा, एवढीच आपली मागणी आहे. सरकारने बाक दिला नाही तर तो मागून घ्यायचा. १९१९ साली एकट्या माणसाने तो मिळवला होता. आज आपण लाखो आहोत.

जय भीम! जय संविधान!